निष्ठा कोणाशी?

तळहातावर मावणाऱ्या यंत्रातून जगातील हवे ते गाणे क्षणार्धात ऐकू येण्याच्या ह्या काळात काही सुबुद्ध माणसे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे लाकडी पेटीतले स्पीकर शोधून काढतात, त्यांचे फाटलेले कागदी पडदे सांधून घेतात, आतले आटलेले कपॅसिटर बदलतात आणि बैठकीच्या खोलीत त्यांच्यासमोर तासन्‌तास बसून राहतात. ही गोष्ट प्रथमदर्शनी निव्वळ हौसेची वाटते. हौसेला कारण विचारू नये, असा एक शिष्टसंकेत आहे. आणि जोपर्यंत कोणाची हौस दुसऱ्याच्या मुळावर येत नाही तोपर्यंत तो पाळावाही. परंतु ह्या विशिष्ट हौसेच्या मुळाशी जो शब्द आहे, तो हौसेच्या कोशातला नसून नीतीच्या कोशातला आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी चार गोष्टी विचारपूर्वक बोलण्यास जागा आहे.

तो शब्द म्हणजे ‘फिडेलिटी’. ‘हाय-फाय’ हे ज्याचे लाडके संक्षिप्त रूप, त्या ‘हाय फिडेलिटी’चा अर्थ ‘उच्च कोटीची निष्ठा’ असा होतो. पतीपत्नींमध्ये, स्वामी-सेवकांमध्ये, मित्रामित्रांमध्ये जी असावी म्हणून आपण आग्रह धरतो, तीच ही निष्ठा, तेच हे इमान. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड-अमेरिकेत हा शब्द लाकडाच्या, कागदाच्या आणि लोहचुंबकाच्या एका जुळणीस लावला गेला, आणि लोकांनी तो निःशंकपणे स्वीकारला. परंतु निष्ठा म्हटली की तिला दोन टोके असतात. एक निष्ठा बाळगणारा आणि दुसरे, जिच्याशी निष्ठा बाळगायची ती व्यक्ती वा वस्तू. स्पीकर निष्ठावंत आहे असे म्हणताना तो कोणाशी निष्ठावंत आहे? गाणाऱ्याशी, तबकडीशी, की ऐकणाऱ्याच्या आवडीशी? आणि आजची साधी, स्वस्त यंत्रेही पुष्कळदा मोजमापात जुन्या नामांकित स्पीकरांच्या बरोबरीला येतात किंवा पुढे जातात, हे ठाऊक असूनही जो मनुष्य जुन्याचाच स्वर गोड मानतो, तो प्रिय असत्याला सत्याहून वरची जागा देत आहे काय? प्रश्न विनोदी वाटेल. पण त्याचे उत्तर देऊ लागल्यास आपण केवळ यंत्रांविषयी बोलत नाही, हे लवकरच ध्यानात येते.

प्रथम ह्या निष्ठेचा दावा कसा सिद्ध करण्यात आला ते पाहू. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेतील गावोगावी काही जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी एडिसनचे ‘डायमंड डिस्क’ यंत्र उभे असे. गायिका यंत्राबरोबर गाऊ लागे, मध्येच थांबे, पुन्हा गाई. कित्येकदा दिवे मालवले जात. आणि आवाज केव्हा गळ्यातून येत होता व केव्हा यंत्रातून, हे श्रोत्यांनी ओळखावे असे आव्हान असे. तेथे वीज नव्हती, स्पीकर नव्हता. केवळ सुई, पडदा आणि कर्णा. तरीही सभागृहे भारून गेली आणि आपण फसलो असे लोकांनी आनंदाने सांगितले. आज त्या तबकड्या ऐकल्या असता त्यांत कोणी कसे फसले असेल, ह्याचे नवल वाटते. नवलाचा काही भाग त्या प्रयोगात भाग घेतलेल्या ॲना केस ह्या गायिकेने उत्तरायुष्यात उलगडला: यंत्राचा आवाज आपल्या आवाजाने झाकला जाऊ नये म्हणून ती आपला आवाज त्याच्या बेताने आवरून गात असे.

ही छोटीशी हकीकत मला फार बोलकी वाटते. यंत्र माणसाशी एकनिष्ठ आहे हे दाखविण्यासाठी माणसाने यंत्राशी एकनिष्ठ व्हावयाचे, असा तो उलटा न्याय होता. प्रतिकृती मूळाबरहुकूम आहे असे जेव्हा जेव्हा आपणांस सांगण्यात येते, तेव्हा तेव्हा मूळाला तर प्रतिकृतीच्या मापाने कापून घेतलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.

पुढच्या काळातील प्रयोग अधिक प्रामाणिक होते. यॉर्कशरमधील व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज ह्यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि त्याचे मुद्रण श्रोत्यांपुढे शेजारी शेजारी ठेवले. अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट ह्या तंतुवाद्यवृंदाला घेऊन असेच प्रयोग केले. वादक मध्येच केवळ गज फिरविण्याचा अभिनय करीत, प्रत्यक्षात स्पीकर वाजत असत, आणि हा पालट केव्हा झाला हे पुष्कळांस सांगता येत नसे. ह्या प्रयोगांत लबाडी नव्हती. तथापि त्यांतून जे सिद्ध झाले ते मर्यादितच होते. तेथे मूळ समोर हजर होते. साक्षीदार न्यायालयात उभा होता. आपण घरी बसून ऐकतो तेव्हा वादीही गैरहजर असतो आणि साक्षीदारही. गाणारा कित्येकदा ह्या जगातही नसतो. मग तेथे निष्ठेची साक्ष कोणी द्यावी?

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, आज ज्यांना जुने म्हणून जपले जाते त्या स्पीकरांच्या कर्त्यांनी काय केले ते पाहणे उपयुक्त ठरेल. कारण त्यांच्या कामात एक नैतिक धडा लपलेला आहे. मंद्रातला सूर निर्माण करावयाचा म्हणजे पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठी जागा लागते किंवा पुष्कळ शक्ती लागते. दोन्ही नको असतील तर मंद्राचा काही भाग सोडावा लागतो. ह्या अडचणीतून प्रत्येकाने आपली वाट काढली. पॉल क्लिप्श ह्यांनी १९४६ पासून विकलेल्या ‘क्लिप्शहॉर्न’मध्ये घडी घातलेला कर्णा एका पेटीत बसविला आणि खोलीच्या कोपऱ्यातील दोन भिंतींनाच त्याचे पुढचे तोंड बनविले, थोड्याशा विजेवर तो सभागृह दणाणून सोडी, पण त्याला कोपरा लागे आणि तो कोपरा तो कायमचा अडवून बसे. एडगर व्हिल्चर ह्यांनी १९५४ साली ‘ए.आर.-१’मध्ये पेटी हवाबंद केली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. पुस्तकांच्या फडताळात मावेल एवढ्या पेटीतून खोल खर्ज ऐकू येऊ लागला, पण त्याची किंमत म्हणून ॲम्प्लिफायर अधिक शक्तीचा घ्यावा लागला. पीटर वॉकर ह्यांनी १९५७ साली बाजारात आणलेल्या ‘क्वाड’ इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये तर पेटीच काढून टाकली. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये उच्च दाबाची वीज भारलेला एक अतिशय पातळ पडदा ताणून धरला, आणि त्यातून मनुष्याचा आवाज असा निर्मळ येऊ लागला की पेटीतले आवाज त्यापुढे पेटीतलेच वाटावेत. परंतु तो फार मोठ्याने वाजू शकत नसे, अगदी खालचा खर्ज त्याच्या आवाक्यात नव्हता, आणि त्याचा खरा लाभ बरोबर समोर बसलेल्या एखाद्‌दुसऱ्यासच होई.

आणखी एक उदाहरण घेऊ. बी.बी.सी.च्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या मोटारीत ठेवण्यासाठी ‘एल.एस.३/५ए’ नावाचा जेमतेम एक फूट उंचीचा स्पीकर तयार केला. एवढ्याशा पेटीतून खोल खर्ज येणे शक्य नव्हते. म्हणून खर्जाच्या वरच्या अंगाला किंचित उठाव ठेवण्यात आला, जेणेकरून न येणाऱ्या सुराचा कानास आभास व्हावा. कडक शब्दांत सांगावयाचे तर हे असत्यच. परंतु ज्या गोष्टीसाठी तो बनविला होता, म्हणजे निवेदकाचा आवाज खरा उमटतो की नाही हे ताडणे, त्या गोष्टीत त्याने फसविले नाही.

ह्या चौघांच्या कामाचे सार असे की संपूर्ण सत्य सांगणारा स्पीकर कोणीच बनविला नाही, आणि आजही कोणी बनविलेला नाही. प्रत्येकाने काही तरी सोडले. पण काय सोडावे हे त्यांनी जाणून ठरविले, आणि जे राखले ते जिवापाड राखले. माणसाच्या सचोटीचीही अशीच गत आहे. सर्वांशी सर्व बाबतींत पुरे पडतो म्हणणाऱ्याचा भरवसा धरता येत नाही; ‘एवढे माझ्याने होईल, एवढे होणार नाही’ असे स्वच्छ सांगणाऱ्याचा धरता येतो. जुन्या स्पीकरांविषयी जी माया वाटते तिचा एक भाग, माझ्या मते, ह्या उघड्या मर्यादेमुळे वाटते. त्यांचा दोष त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेला असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मूळ समोर नसता अनुकृती खरी की खोटी हे कसे ठरवावे? हा प्रश्न एडिसनच्या कितीतरी आधी आपल्याकडे विचारला गेला होता. नाट्यशास्त्राच्या टीकेत अभिनवगुप्ताने जी मते नोंदविली आहेत, त्यांत शंकुकाचे एक मत आहे. रंगभूमीवरील नट पाहून प्रेक्षकास ‘हा राम’ अशी जी प्रतीती येते, ती कोणत्या जातीची? ‘हा रामच आहे’ असे निश्चित ज्ञान ते नव्हे. ‘हा राम नव्हे’ असे बाधित झालेले मिथ्याज्ञानही नव्हे. ‘असेल किंवा नसेल’ असा संशय नव्हे, आणि ‘हा रामासारखा आहे’ असे सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तेव्हा आपण फसलेलो नसतो आणि खोटेही बोलत नसतो. हाच चित्रतुरगन्याय. संध्याकाळी घरातल्या खोलीत तबकडी लावली असता आपण ‘केसरबाई गात आहेत’ असे म्हणतो. केसरबाई १९७७ साली गेल्या हे आपणांस ठाऊक असते. तरी ते वाक्य खोटे नसते. एडिसनच्या प्रयोगाने श्रोत्यास फसवू पाहिले. शंकुक सांगतो की कलेच्या आस्वादासाठी फसण्याची गरजच नाही. म्हणून ‘डोळे मिटले तर गायक समोर बसला आहे असे वाटते’ ही जी स्पीकरची नेहमीची स्तुती, ती मला तितकीशी मोठी वाटत नाही. गायक समोर नाही हे पूर्ण जाणून जो ऐकतो आणि तरीही ज्याचे मन भरून येते, त्याचे ऐकणे अधिक वरच्या पायरीचे.

परंतु शंकुकावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत ह्यांनी जो आक्षेप घेतला, तो आपल्या विषयास अधिकच लागू पडतो. ते विचारतात, अनुकरण म्हणावयाचे तर मूळ आणि नक्कल दोन्ही पाहिलेली असली पाहिजेत; रामाची रती पूर्वी कोणी पाहिली आहे की नट तिचे अनुकरण करतो असे म्हणावे? हाच आक्षेप शब्द बदलून स्पीकरवर घेता येतो. ‘मूळ ध्वनीशी एकनिष्ठ’ म्हणता. तो मूळ ध्वनी तुम्ही ऐकला होता का? किंबहुना तो कधी अस्तित्वात तरी होता का? बीटल्सची १९६७ सालची ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी लंडनच्या स्टुडिओत थरावर थर चढवून घडविली गेली. एका वेळी, एका जागी ती तशी कधी वाजलीच नाही. डेक्का कंपनीसाठी जॉन कल्शॉ ह्यांनी १९५८ ते १९६५ ह्या काळात व्हिएन्नात वाग्नरच्या ‘रिंग’चे जे मुद्रण केले, ते कोणत्याही नाट्यगृहातील प्रयोगाचे चित्र नव्हते, घरात बसणाऱ्या श्रोत्यासाठी मुद्दाम रचलेले ते ध्वनीचे नाट्यगृह होते. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांचेही तसेच. बैठकीत तास-दीड तास रंगणारा राग सुमारे तीन मिनिटांच्या एका बाजूत बसवावयाचा म्हणजे गवयाला वेगळेच गाणे रचावे लागे. ती तबकडी कोणत्या बैठकीची नक्कल? कोणत्याच नाही. ती तिची स्वतःचीच मूळ होय.

मग निष्ठा हा शब्दच टाकून द्यावा काय? काही आधुनिक तसे म्हणतात: मूळ नाही, तेव्हा खरे-खोटे नाही, ज्याला जे गोड लागेल ते त्याने ऐकावे. हा निष्कर्ष सोयीचा आहे; पण तो उतावीळ आहे. बी.बी.सी.च्या अभियंत्यांची रीत येथे आठवावी. स्पीकर पारखताना ते केवळ आलेखांवर विसंबत नसत. ओळखीच्या माणसाचे बोलणे एकदा प्रत्यक्ष आणि एकदा स्पीकरमधून ऐकून ते ताडून पाहत. त्या विशिष्ट वाक्याचे ‘मूळ’ जरी आपणापाशी नसले, तरी मनुष्याचा कंठ कसा वाजतो हे आपणापाशी जन्मापासून आहे. आईचा आवाज, भिंतीपलीकडून येणारे शेजाऱ्यांचे बोलणे, देवळातली घंटा, तंबोऱ्याची जवारी, ह्या सर्वांनी आपल्या कानांत एक माप घालून ठेवलेले असते. केसरबाईंना प्रत्यक्ष न ऐकलेलाही त्या मापाने सांगू शकतो की ह्या स्पीकरमधून एक बाई गात आहे, आणि त्या दुसऱ्यामधून एका बाईचे चित्र कोणी चकचकीत करून दाखवीत आहे. भट्टतौतांच्या आक्षेपाचे उत्तर हेच: आम्ही राम पाहिला नाही, पण माणूस पाहिला आहे.

ह्यातून एक कर्तव्य निघते, आणि ते यंत्राच्या नव्हे, श्रोत्याच्या शिरावर पडते. ज्याने जिवंत गळा आणि जिवंत वाद्य ऐकणे सोडले, त्याच्या कानातले माप हळूहळू झिजते, आणि मग त्याचा स्पीकरच त्याचे माप होऊन बसतो. असा मनुष्य बैठकीस गेला तर त्याला तंबोरा फिका आणि गायिका दूर बसलेली वाटू लागते. तेव्हा निष्ठेचे नाते उलटे झाले असे समजावे.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण जुन्याच स्पीकरांची महती कशासाठी? ती गेलेल्या दिवसांविषयीची हळवी ओढ नव्हे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. जुने स्पीकर सर्वच चांगले होते असे मुळीच नाही. त्या काळातही पुष्कळ भिकार माल विकला गेला आणि तो कधीच मोडीत निघाला. जे राहिले ते निवडून राहिले, म्हणून जुने ते सोने असा भास होतो. शिवाय जे राहिले तेही तसेच राहिलेले नाहीत. पडद्याच्या कडेची फोमची पट्टी काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, कपॅसिटर आटतात, चिकटवलेले सुटते. दुरुस्त करणारा एकेक भाग बदलत जातो; आणि मग तो स्पीकर तोच राहिला की दुसराच झाला, हा तत्त्वज्ञांचा जुना जहाजाचा प्रश्न दिवाणखान्यात येऊन उभा राहतो. नवे भाग घालून मोजमापाप्रमाणे नीट केलेला स्पीकर कर्त्याच्या हेतूशी एकनिष्ठ. मूळचे भाग न हलविता सुकत ठेवलेला स्पीकर लाकडाशी आणि तारेशी एकनिष्ठ. मला पहिली निष्ठा श्रेष्ठ वाटते. कर्त्याने तो संग्रहालयासाठी केला नव्हता, वाजण्यासाठी केला होता.

आणि त्यात जुनेपणाचा थोडा रंग राहिला तर? खर्ज किंचित गोलसर, तारस्थान किंचित मवाळ, असा जो स्वभाव जुन्या स्पीकरांत पुष्कळदा आढळतो, त्याला लबाडी म्हणावे काय? पुराणिक पुराण सांगतो तेव्हा त्याचा स्वतःचा आवाज, त्याच्या मुलखाची बोली, त्याचे हेल त्यात मिसळतातच. आपण त्याला खोटे सांगतो असे म्हणत नाही. पण तोच पुराणिक बिदागी वाढावी म्हणून कथेत नसलेले चमत्कार घुसडू लागला, तर मात्र म्हणतो. पहिल्यात त्याचा स्वभाव दिसतो, दुसऱ्यात त्याचा डाव. दुकानात चटकन मन मोहावे म्हणून मुद्दाम खर्ज फुगवलेले आणि वरचे सूर झगझगीत केलेले स्पीकर ह्या दुसऱ्या जातीचे; ते जुने असोत वा नवे.

निष्ठेविषयी बोलताना तिची आणखी एक तऱ्हा विसरता येत नाही. जयपूर गायकीचे अध्वर्यू अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली मुंबईत निवर्तले. त्यांच्या गाण्याची तबकडी आपणापाशी नाही. ते गाणे उरले ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यात. शिष्य गुरूची नक्कल करीत नाही. करील तर तो कच्चा ठरतो. त्याचा गळा निराळा, त्याचे आयुष्य निराळे. तरी आपण त्याला परंपरेशी एकनिष्ठ म्हणतो, आणि ते योग्यच असते. यंत्र अक्षर राखते, शिष्य अर्थ राखतो. अक्षर राखले गेल्यामुळेच १९७७ साली केसरबाईंच्या भैरवीची तबकडी व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जाऊ शकली. पण ज्या गायकीची ती एक लहर आहे ती गायकी जिवंत राहिली ती तासन्‌तास समोर बसून घेतलेल्या तालमीमुळे. दोन्ही निष्ठांची गरज आहे. मात्र पहिलीचा लाभ घेणाऱ्याने दुसरीला पर्याय सापडला असे समजू नये.

ह्या विषयाची सर्वांत नाजूक बाजू शेवटी घेतली आहे, कारण ती घराची आहे. अमेरिकन बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा ह्यांनी १९०६ सालीच एका लेखात भीती व्यक्त केली होती की यांत्रिक संगीत घरोघर आले की माणसे स्वतः गाणे-वाजवणे सोडतील. ती भीती बरीचशी खरी ठरली. १९५८च्या सुमारास द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, आणि ऐकण्याच्या क्रियेत एक नवी गोष्ट शिरली: खुर्चीची जागा. दोन स्पीकर आणि श्रोता असा त्रिकोण साधला तर गायिका बरोबर मध्ये उभी राहते. हातभर बाजूला सरकले की ती एका पेटीत शिरते. त्रिकोणाचे टोक एकच, म्हणून खुर्चीही एकच. एकाच स्पीकरच्या रेडिओभोवती घरातली सात माणसे बसत. ह्या नव्या निष्ठेने घरात एकालाच आसन दिले. आणि त्या आसनावर बसलेला मनुष्य जेव्हा मुलांना गप्प करतो, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावर कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा तो चाळीस वर्षांपूर्वी दूर देशी वाजलेल्या एका व्हायोलिनशी एकनिष्ठ राहण्यासाठी समोरच्या जिवंत माणसांशी बेइमानी करीत असतो. पैशाची गोष्ट तर वेगळीच. मुलीच्या पेटीच्या शिकवणीस पैसे नाहीत आणि स्पीकरच्या तारेस आहेत, असे घर विरळा असेल, पण अगदीच नसेल असे नाही.

शेजाऱ्यांचेही तसेच. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघा संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान केला असता मनुष्याच्या कानास खर्जाचे सूर इतरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. म्हणजे रात्री भिंतीपलीकडच्या आजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून जो आवाज कमी करतो, तो शास्त्रदृष्ट्या निष्ठेत उणा पडतो. पडू द्यावे! निष्ठांचा झगडा लागला की मोठी कोणती हे ओळखणे, हाच तर शील नावाच्या गोष्टीचा अर्थ.

तथापि जुन्या स्पीकरच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आज बहुतेक ऐकणे कानांत बोंडे घालून होते. एकाच खोलीत चार माणसे चार निरनिराळी गाणी ऐकत मूक बसलेली असतात. स्पीकरचा आवाज निदान हवेत पसरतो. हवा सर्वांची असते. खुर्चीतल्यास जे उत्तम ऐकू येते ते माजघरातल्यास थोडे, ओसरीवरच्यास त्याहून थोडे ऐकू येते; आणि पोळ्या लाटणारी व्यक्ती नकळत तीच चीज गुणगुणू लागते. हवेत सोडलेला सूर ऐकणाऱ्यावर जबाबदारीही टाकतो. मी काय ऐकतो हे घराला कळते, घराला काय सोसवते हे मला कळते. अशा देवाणघेवाणीतून जी श्रवणाची सवय घडते, ती एकट्या आसनावरच्या परिपूर्ण त्रिकोणाहून मला अधिक मोलाची वाटते.

राहता राहिला कान. तरुणपणी मनुष्यास सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचे सूर ऐकू येतात. वय वाढते तशी ही मर्यादा खाली येत जाते. म्हणजे यंत्र घेण्याइतके पैसे आणि ऐकण्याइतकी फुरसत हाताशी येते, तोवर कानाचे तारस्थान ओसरलेले असते. निष्ठा जर केवळ कंपनांशीच असती, तर म्हाताऱ्या रसिकाइतका बेइमान दुसरा कोणी नसता. पण अनुभव उलट आहे. ज्याने पन्नास वर्षे ऐकले, त्याला कमी ऐकू येत असूनही अधिक ऐकू येते. कारण उरलेले तो ध्यानाने भरून काढतो. जुना स्पीकर आणि जुना कान ह्यांची मैत्री का जमते, ह्याचेही कदाचित हेच कारण असावे. दोघांनीही काही सोडले आहे, आणि काय राखावयाचे हे दोघांनाही ठाऊक आहे.

तेव्हा निष्ठा कोणाशी, ह्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. यंत्राला निष्ठा नसते. त्याला फक्त गुण आणि मर्यादा असतात. निष्ठा श्रोत्याला असते, किंवा नसते. ती गाणाऱ्याच्या श्रमांशी असावी, म्हणजे ऐकताना मन दुसरीकडे नसावे. जिवंत सुराशी असावी, म्हणजे कानातले माप झिजू नये. आणि ज्या घरात तो सूर वाजतो त्या घराशी असावी, म्हणजे कोणाला खुर्चीवरून उठून दार उघडावे लागले तर कपाळाला आठी पडू नये. एवढे पाळणाऱ्याने स्पीकर साठ वर्षांपूर्वीचा घ्यावा की कालचा, हा मग खरोखरच हौसेचा प्रश्न उरतो. आणि हौसेला कारण विचारू नये.